मोठे ब्रेक घ्यायचे की आहेत ते ठेवायचे?

आज दिवसभर हाच प्रश्न डोक्यात होता. स्पोर्ट्स कार घेताना लाल कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बघून भुलायला होतं, पण एका दाबात गाडी किती अंतरात थांबेल हे बहुतेक वेळा टायरच ठरवतो. गाडीचे मूळ ब्रेक एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईपर्यंत चाक रोखू शकत असतील, तर मोठ्या डिस्कने ते अंतर फारसं कमी होत नाही.

फरक पडतो तो उष्णतेत. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, आणि ती सगळी डिस्कने गिळायची. ट्रॅकवर चार-पाच लॅपनंतर पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गेलेत. पेडल स्पंजासारखं खाली जातंय, तर ब्रेक फ्लुइड (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत नेणारं द्रव) उकळलंय. डॉट 4 प्रकारचं फ्लुइड नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा 155 वर येते. म्हणून आधी ताजं फ्लुइड आणि चांगले पॅड. बरीच रडगाणी इथेच थांबतात. (डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 4 मध्ये मिसळू नका.)

तरीही फेड होत असेल, म्हणजे तापल्यावर ब्रेकचा जोर कमी होत असेल, तर मोठ्या ब्रेकचं किट घ्या. फक्त पुढचंच बदललं तर पुढचा-मागचा तोल बिघडू शकतो, आणि कॅलिपर रिमच्या आत बसतो का हे आधी मापून बघा. कार्बन-सिरॅमिकची डिस्क हलकी असते, पण रोजच्या रस्त्यासाठी तो खर्च मला तरी पटत नाही.