इंका ट्रेलचा परवाना आणि कुस्कोतला खोळंबा : माझा अनुभव

पेरूमधल्या माचू पिचूकडे जाणाऱ्या इंका ट्रेल या डोंगरवाटेवर चालायचे असेल, तर कुस्को शहरात पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी ट्रेक कंपनीच्या कार्यालयात जा, आपला परवाना मागून घ्या आणि त्यावरचा पासपोर्ट क्रमांक एकेक आकडा ताडून पाहा. सामान, नाणेबदल, प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकातली भटकंती हे सारे त्यानंतर. इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे की, एका आकड्यापायी माझा ट्रेक हातचा जाण्याची वेळ आली होती, आणि तो राग अजून पुरता निवळलेला नाही.

इंका ट्रेलवर एकट्याने चालता येत नाही. अधिकृत कंपनी आणि मार्गदर्शक सक्तीचे आहेत. दिवसाला हमाल व मार्गदर्शक धरून ५०० जणांनाच प्रवेश मिळतो, फेब्रुवारीत वाट बंद असते, आणि कोरड्या हंगामातले परवाने कित्येक महिने आधीच संपतात. परवाना नाव व पासपोर्ट क्रमांक यांच्याशी बांधलेला असतो आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. माझे आरक्षण झाल्यावर पासपोर्टची मुदत संपत आली, म्हणून मी नवा काढला आणि त्याची प्रत कंपनीला लगेच पाठवली. ती मिळाल्याचे त्यांचे उत्तरही आले. तरीही कार्यालयातल्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलेल्या कागदावर जुनाच क्रमांक होता.

‘दुरुस्ती होईल, थांबा,’ असे सांगण्यात आले. जुना पासपोर्ट मी आठवणीने सोबत आणला होता. पण कोपरा कापलेली आणि ‘रद्द’ असा शिक्का मारलेली ती पुस्तिका पाहून तिथल्या बाईंनी ती बाजूला सारली. रद्द झालेले कागदपत्र पुरावा कसे ठरेल, असा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा मी नव्या पासपोर्टचे शेवटचे पान उघडले. आपल्या पासपोर्टवर तिथे, पत्त्याच्या खाली, आधीच्या पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो. त्या ओळीवर बोट ठेवून, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, हे दोन्ही पासपोर्ट एकाच व्यक्तीचे आहेत हे मी पटवून दिले. त्यांनी दोन्हींची छायाचित्रे घेतली आणि उद्या या म्हणाल्या. उद्या गेले, तर दुरुस्ती पाहणारे गृहस्थ बाहेर गेलेले. दुपारी गेले, तर जेवणाची सुट्टी. मी पाठवलेला ईमेल त्यांना फोनवर उघडून दाखवला, तरी चूक कोणाची यावर कोणी बोलेना. ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गटाला मार्गदर्शक नकाशावर मुक्काम समजावून सांगत होता आणि मी बाहेरच्या बाकावर बसून होते. अखेर अंधार पडल्यावर नव्या क्रमांकाचा कागद हातात आला. तो मी तिथेच उभ्याने तीनदा वाचला.

या खोळंब्याने नुकसान झाले ते वेगळेच. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. विमानाने थेट तिथे उतरल्यावर विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून लगेच सुमारे २,८०० मीटरवरच्या ओयांतायताम्बो या गावी जाऊन राहावे आणि मग चढावे, असा माझा बेत होता. रोज कार्यालयात हजेरी लावावी लागल्याने तो बारगळला. डोके ठणकत असताना कुस्कोतल्या सान ब्लास वस्तीच्या पायऱ्या मी दर दहा पावलांवर थांबत चढत होते. कोकाच्या पानांचा चहा घेतल्यावर बरे वाटायचे, पण खरा उपाय सावकाशीचाच : पहिल्या दिवशी हलके जेवण, भरपूर पाणी, मद्य नाही, आणि थोडे सावरल्यावर शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या साक्सायवामान या इंकाकालीन अवशेषांपर्यंत रमतगमत चाल. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचे औषध घ्यायचे असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशीची वार्मिवान्युस्का खिंड ४,२१५ मीटरवर आहे, त्यामुळे कुस्कोतली ही पूर्वतयारी टाळण्यासारखी नाही.

वाट जिथून सुरू होते त्या पिस्काकुचोच्या तपासणी नाक्यावर मूळ पासपोर्टच पाहतात, झेरॉक्स चालत नाही. पासपोर्ट हमालाकडच्या पिशवीत न टाकता स्वतःजवळ ठेवा. आणि हो, चालण्याच्या काठ्यांना रबरी टोपणे कुस्कोतच लावून घ्या, कारण उघड्या धातूच्या टोकांनी जुन्या दगडी पायऱ्या झिजतात.