लोकलहोस्ट नेमका कोणाचा?

डेटा इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सींच्या जानेवारी २०२१ मधील सुमारे १३ लाख ७० हजार फेऱ्यांच्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरून पहिल्याच संध्याकाळी एसक्यूएल, म्हणजे डेटाला प्रश्न विचारण्याची भाषा, लिहायला बसू, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात दोन संध्याकाळी डेटाबेसच्या दारापर्यंत पोहोचण्यातच गेल्या.

डॉकर प्रत्येक प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या बंदिस्त जागेत चालवतो आणि डॉकर कंपोझ असे अनेक कंटेनर एकाच फाईलवरून उभे करते. त्या फाईलमध्ये मी तीन सेवा मांडल्या होत्या: पोस्टग्रेस, तो ब्राउझरमधून पाहण्यासाठी पीजीअ‍ॅडमिन आणि डेटा भरणारी पायथनची स्क्रिप्ट. लॅपटॉपवर पूर्वीच बसवलेल्या पोस्टग्रेसने ५४३२ हे पोर्ट (जोडणीसाठीचे क्रमांकाचे दार) अडवून ठेवले असल्यामुळे मी फाईलमध्ये '५४३३:५४३२' असे लिहिले. या जोडीतील डावा आकडा लॅपटॉपच्या पोर्टचा आणि उजवा कंटेनरच्या आतील पोर्टचा असतो. टर्मिनलवरून लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच यंत्र' असा पत्ता) आणि ५४३३ वापरून जोडणी तत्काळ झाली. तोच पत्ता पीजीअ‍ॅडमिनमध्ये भरला, तेव्हा मात्र ती नाकारली गेली.

'घरी ये' या निरोपातले घर जसे निरोप देणाऱ्याचे असते, तसा लोकलहोस्ट तो शब्द वापरणाऱ्या प्रोग्रॅमचा असतो. पीजीअ‍ॅडमिनचे पान माझ्या ब्राउझरमध्ये उघडत असल्याने तो लॅपटॉपवर चालतो, असे मी धरून चाललो होतो. पण जोडणी मागणारा प्रोग्रॅम स्वतःच्या कंटेनरमध्ये बसलेला होता आणि तिथे पोस्टग्रेस नव्हताच. कंपोझ आपल्या सेवांसाठी एक नेटवर्क उभे करते आणि त्यात सेवेचे नाव हाच तिचा पत्ता ठरतो. त्यामुळे तिथे सेवेचे नाव आणि आतील ५४३२ हेच पोर्ट द्यावे लागते. ५४३३ चा त्या नेटवर्कशी काहीही संबंध नसतो.

पुढे फाईलमध्ये पासवर्ड बदलला, कंटेनर नव्याने उभा केला, तरी जुनाच पासवर्ड चालत राहिला. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा, तो पासवर्ड फक्त डेटाची डिरेक्टरी रिकामी असताना वाचते आणि माझ्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर गेला तरी टिकणाऱ्या साठ्यात, जुना डेटाबेस जसाच्या तसा होता. अशा वेळी व्हॉल्यूम पुसणे सोपे असते, परंतु ते करताना टॅक्सीच्या फेऱ्याही जातात, हे मला पुसल्यानंतर आठवले.

इमेजच्या नावापुढे आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' लिहू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. पोस्टग्रेस १८ च्या इमेजमध्ये डेटाच्या डिरेक्टरीची जागा बदलली, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेतील व्हॉल्यूमची ओळ तिथे तशीच चालत नाही. मी १७ लिहून मोकळा झालो.

शेवटची अडचण स्क्रिप्टच्या घाईची होती. स्क्रिप्टच्या नोंदीत 'डिपेंड्स ऑन' (पोस्टग्रेसवर अवलंबून) एवढेच लिहिले, तर कंपोझ पोस्टग्रेसचा कंटेनर सुरू होण्याची वाट पाहते, आतील डेटाबेस तयार होण्याची नाही. 'पीजी इज रेडी' ही डेटाबेस तयार आहे का ते विचारणारी आज्ञा हेल्थचेकमध्ये, म्हणजे कंटेनरच्या ठरावीक तपासणीत, घालून आणि स्क्रिप्टला ती तपासणी यशस्वी होईपर्यंत थांबण्याची अट लावून मी तिसऱ्या संध्याकाळी सर्व फेऱ्या पुन्हा भरल्या.