शे इंजिनाची उजवी बाजू

गिअरची छत्तिसावी खाच कापली, कटर वर घेतला, ब्रशनं चुरा झाडला आणि पोटात धस्स झालं. शेवटचा दात ब्लेडसारखा पातळ झाला होता. डिव्हायडिंग हेड म्हणजे भोकं मोजून गिअर दर दाताला सारखाच फिरवणारं साधन. त्यावर भोकांचा मोज धरून ठेवणाऱ्या सेक्टरचा स्क्रू मध्येच कधीतरी सैल पडला होता आणि शेवटच्या आठएक दातांना प्रत्येकी एक भोक जास्त गेलं होतं. एक भोक म्हणजे दाताच्या अंतराचा विसावा हिस्सा. एकेकट्या दातात तो दिसत नाही, पण आठ वेळा साठला की शेवटच्या दातावर सगळा हिशेब चुकता होतो. चाळीस वर्षं टूलरूममध्ये घालवलेल्या माणसानं स्क्रू पाहून घ्यायला हवा होता. मी पाहिला नव्हता. ते पितळ भंगाराच्या डब्यात टाकलं आणि नवा तुकडा चकमध्ये धरला.

शे नावाच्या वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या छोट्या मॉडेलसाठी असे बारा बेव्हल गिअर, म्हणजे शंकूसारखे उतरते, फिरणं काटकोनात वळवणारे गिअर, करायचे होते. सहा मोठे ३६ दातांचे, सहा लहान १६ दातांचे, दाताचं माप (मोड्यूल) ०.५. मोठे पितळेचे, लहान स्टीलचे. मोठ्याचा कोन ६६ अंश, लहानाचा २४, म्हणजे जोडीचा बरोबर काटकोन. भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं तिथं छोटं वर्कशॉप आहे, त्यानं गुरुवारी मिलिंग मशीन वापरायला दिलं. मी डबा घेऊन जायचो आणि अंधार पडायला परत यायचो. साध्या कटरनं बेव्हल गिअर कापायचा तर एकेका खाचेवरून तीनदा जावं लागतं: एकदा मधून, मग ब्लँक, म्हणजे ज्यात दात कापायचे तो तुकडा, किंचित फिरवून दोन्ही अंगांनी. ३१२ खाचा, ९३६ फेरे. वाया गेलेले वेगळे.

हे सगळं ज्या इंजिनासाठी, ते मी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाहिलं. मुलगी पिट्सबर्गला असते. "बाबा, तुम्हाला आवडेल असं एक ठिकाण आहे," एवढंच सांगून तिनं आम्हा दोघांना पहाटे अंधारात गाडीत बसवलं आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत कॅस नावाच्या गावी नेलं. वाटेत मोबाइलची रेंज गेली ती गेलीच. जवळच ग्रीन बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे आणि तिच्यासाठी त्या सगळ्या टापूत रेडिओलहरींवर निर्बंध आहेत. त्या शांततेत दरीतून आवाज आला. मला वाटलं, एखादी एक्स्प्रेस येतेय, साठच्या वेगानं. वळणावरून इंजिन दिसलं तेव्हा ते माणूस धावतो त्याहून फारसं जलद चाललं नव्हतं.

ते शे इंजिन. नंबर ५, १९०५ सालचं. लाकूडतोडीच्या जंगलासाठी बनलेलं आणि अजून त्याच डोंगरावर चालणारं. कॅस हे गावच कागद कंपनीनं लाकडासाठी वसवलेलं. १९६० मध्ये तिथलं लाकडाचं काम थांबलं आणि १९६३ पासून राज्यानं त्याच मार्गावर प्रवासी न्यायला सुरुवात केली.

साध्या वाफेच्या इंजिनाला दोन्ही अंगांना आडवे सिलिंडर असतात आणि लांब दांडे मोठ्या चाकांना ढकलतात. शेचं तसं नाही. या नंबर ५ चे तीन सिलिंडर उभे आहेत आणि तिन्ही एकाच अंगाला, उजव्या. खाली क्रँकशाफ्ट, म्हणजे सिलिंडरांची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा. त्याला पुढे-मागे जोडलेला शाफ्ट इंजिनाच्या संपूर्ण लांबीभर चाकांच्या बाहेरून जातो. प्रत्येक उजव्या चाकाच्या तोंडावर गिअरची कडी बोल्टनं बसवलेली आणि शाफ्टवरचा लहान गिअर तिच्यात गुंतलेला. नंबर ५ ला चार-चार चाकांच्या तीन बोग्या आहेत. (डब्याला आपण बोगी म्हणतो, ती नव्हे, डब्याखालची चाकांची गाडी.) बाराही चाकं ओढतात. पाण्याच्या टाकीचं वजनसुद्धा चाकांची पकड वाढवायला कामी येतं. शाफ्टचे दोन-अडीच फेरे झाले की चाकाचा एक होतो, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून बारा ते पंधरा फुसकारे. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात ते चार असतात. मला एक्स्प्रेसचा भास झाला तो यामुळे.

आणि हे सगळं उघड्यावर. पंप, क्रँक, सांधे, गिअर, काही म्हणजे काही झाकलेलं नाही. फलाटावर वाकून मी पाच मिनिटांत सगळी यंत्रणा वाचली. जंगलातली त्याच काळची दुसरीही गिअरवाली इंजिनं आहेत, क्लायमॅक्स आणि हाइसलर. त्यांचा शाफ्ट मधून, पोटाखालून जातो. ती चांगलीच इंजिनं आहेत, पण त्यांच्यापुढे मी इतका वेळ उभा राहिलो नसतो.

हे ज्यानं काढलं तो एफ्रिम शे इंजिनं बनवणारा नव्हता. मिशिगनमध्ये कॅडिलॅकजवळ त्याची लाकडाची गिरणी होती. ओंडके आणायला बर्फ पडायची वाट बघावी लागे, कारण ते घसरगाडीवरून ओढत. बर्फ नाही तर काम नाही. म्हणून त्यानं लाकडी रूळ टाकले आणि त्यांच्यावर चालेल असं हलकं, वळणाला वाकणारं इंजिन स्वतःच घडवलं. ओहायोतल्या लिमा गावच्या कारखान्यानं १८८० पासून ती बनवून विकायला घेतली, १८८१ मध्ये पेटंट मिळालं. १९४५ पर्यंत पावणेतीन हजारांच्या आसपास झाली. शेवटचं, १६२ टनी, तेही आज कॅसलाच आहे. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. चिखलात टाकलेला वाकडातिकडा रूळ त्यानं रोज पाहिला होता आणि त्या रुळाला जे चालेल तेच बनवलं.

डोंगर चढताना इंजिन मागे असतं, ढकलतं. गाडीची दिशा दोनदा बदलते: एका फाट्यावर पुढे जाऊन थांबायचं, सांधा बदलायचा, मग मागे-मागे वर. आपल्या भोर घाटातही खंडाळ्याजवळ १८६३ पासून असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. पण भोर घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. कॅसला सगळ्यात अवघड जागी तो ९ फुटांना १ फूट आहे, ११ टक्के.

परत येताना माझ्याकडे अडीचशे फोटो होते. निम्म्या फोटोंत मुलगी हातात फूटपट्टी घेऊन उभी आहे, मापं काढता यावीत म्हणून. तेव्हाच ठरलं होतं की मॉडेल करायचं आणि ते १:३२ प्रमाणात. या प्रमाणात कॅसच्या स्टँडर्ड गेजच्या दोन रुळांमधलं अंतर जवळजवळ ४५ मिलिमीटर होतं आणि तसे रूळ विकत मिळतात. सुमारे तीन फुटांचं चाक साडेअठ्ठावीस मिलिमीटरचं होतं. बाकी सगळं घरी. सज्जात लहान लेथ आहे, व्हाइस आहे, कानशी आहेत.

मॉडेल करणारे बरेच जण मोटर थेट बोगीत घालतात आणि शाफ्ट नुसता सोबत फिरतो. दिसायला तेच दिसतं. मी ते करणार नव्हतो. ज्या इंजिनाचं सगळं काम उघड्यावर चालतं, त्याच्या पोटात लपवून दुसरंच काही चालवायचं हे माझ्या मनाला पटेना. मोटर फायरबॉक्समध्ये, म्हणजे बॉयलरच्या भट्टीच्या जागी, बसवली, कारण बॅटरीला आणि मोटरला कुठेतरी राहायलाच हवं. पण तिथून शक्ती जाते ती क्रँकशाफ्टला, क्रँकशाफ्टकडून लांब शाफ्टला, शाफ्टकडून गिअरमार्फत चाकांना. शाफ्ट काढला तर माझं इंजिन जागचं हलत नाही.

पितळी पत्रा बोहरी आळीतून आणला, ०.८ मिलिमीटरचा, वजनावर. बॉयलरची नळी जुन्या बाजारात मिळाली, कुठल्यातरी बंबाची असावी. टाकी, कॅब, चौकट यांत विशेष सांगण्यासारखं नाही: कापा, कानस मारा, डाख द्या. रिव्हेट मागून पंचनं ठोकून उठवले. डाख दिल्यावर फ्लक्सचा चिवट थर राहतो तो काढायला मी ॲसिड वापरणार होतो. हिनं ते घरात आणू दिलं नाही आणि चिंचेच्या पाण्यात उकळायला सांगितलं. दहा मिनिटांत पितळ देवघरातल्या समईसारखं लख्ख. तेव्हापासून ओट्यावर एक जुनं पातेलं माझ्या नावावर आहे.

बॉयलर बसवला त्या दिवशी ती चहा घेऊन आली, समोरून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा डावीकडे गेलाय. नीट बघा." मी तिला कॅसचा समोरून काढलेला फोटो दाखवला. शेचा बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला असतो. सगळे सिलिंडर उजवीकडे, त्यांचा भार तोलायला बॉयलर दुसऱ्या अंगाला. तिनं फोटो आणि मॉडेल दोन्ही पुन्हा पाहिले. "मग पाण्याच्या हंड्यासारखं झालं. एका काखेत हंडा घेतला की बाई दुसरीकडे झुकतेच." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

क्रँकशाफ्ट एकसंध सळीवर केला. तीन क्रँक १२० अंशांवर फिरवून सगळ्या पाट्या चांदीच्या डाखानं जोडल्या आणि शेवटी मधले नको असलेले तुकडे करवतीनं कापून काढले. कापायच्या आधी तो शाफ्ट सरळ असतो. कापल्यावरही सरळ राहतो का, हे बघताना माझा श्वास रोखलेला होता. बारीक वाकडेपणा दाखवणारी डायल गेज लावली. काटा तीन शतांश मिलिमीटर हलला. चालेल.

आता त्या जागेबद्दल, जिथे माझे तीन आठवडे गेले. बोग्या वळणावर फिरतात, म्हणून शाफ्टमध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकलेले असतानाही फिरणं पुढे देणारे सांधे, लागतात. शिवाय शाफ्ट एका अंगाला असल्यानं उजव्या वळणावर त्याची लांबी कमी व्हावी लागते आणि डाव्या वळणावर जास्त. त्यासाठी शेमध्ये चौकोनी दांडा चौकोनी बाहीत सरकतो. मी तीन मिलिमीटरचा चौकोनी दांडा घेतला, त्याला मऊ पेन्सिलीनं काळाकुट्ट रंगवला आणि त्याच्याभोवती पितळेच्या दोन पन्हळी बसवून डाख दिला. पेन्सिलीच्या काळ्यावर डाख धरत नाही. थंड झाल्यावर दांडा हलकेच ठोकला आणि बाहीतून सुटून आला. फट इतकी बारीक की तेलाचा थेंब आत ओढला जातो.

रंग द्यायच्या आधी गाडी झकास चालत होती. रंगासाठी सगळं सुटं केलं, काळा रंग दिला, पुन्हा जोडलं, रुळावर ठेवलं. सरळ रुळावर उत्तम. वळणावर उचकी लागायची. माझ्या खोलीत वळण ६० सेंटिमीटर त्रिज्येचं, म्हणजे चांगलंच आवळलेलं. तिथे गेली की घुं–घुं–घुं, आवाज चढायचा, उतरायचा, आणि मागची बोगी बारीक झटके द्यायची. मी गिअर तपासले. बेअरिंग बदलली. चाकं पुन्हा गेजमध्ये बसवली. रूळ काढून पुन्हा टाकला.

एका रात्री दिवा मालवून अंथरुणात पडल्यावर तो आवाज डोक्यात वाजत होता आणि मी मोजत होतो. शाफ्टच्या एका फेऱ्याला दोन उचक्या. एकात दोन! युनिव्हर्सल जॉइंट वाकलेला असताना शाफ्टच्या एका फेऱ्यात बाहेर जाणारा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो, हे आम्ही ॲप्रेंटिसना फळ्यावर शिकवायचो. मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना सांध्याचे दोन बोटांचे काटे असतात, ते एका पातळीत असले तर एका सांध्याची चूक दुसरा बहुतेक पुसून टाकतो. काटकोनात असले तर दोन्ही चुका एकमेकींत मिसळून वाढतात. आणि चौकोनी दांडा बाहीत चार तऱ्हांनी जातो. दोन बरोबर, दोन चूक.

उठलो, सज्जातला दिवा लावला. मागच्या बोगीचा दांडा बाहेर ओढला, पाव फेरा फिरवला, परत घातला. रात्रीचा एक वाजला होता, तरी गाडी वळणावर सोडली. एकसारखा, संथ, पिठाच्या गिरणीसारखा आवाज. मी तिला सात चकरा मारू दिल्या. मग दांड्यावर आणि बाहीवर पंचनं एकेक ठिपका मारला, ठिपक्यासमोर ठिपका. पुढच्या वेळी कोणीही जोडलं तरी बरोबरच जोडेल.

परवा चढाची परीक्षा घेतली. सहा फुटी फळीवर रूळ ठोकला आणि एक टोक मुलीच्या इंजिनिअरिंगच्या जुन्या पुस्तकांवर ठेवलं, वीस सेंटिमीटर उंच. कॅसचे ११ टक्के. मागे ओंडक्यांच्या तीन गाड्या. ओंडके अंगणातल्या शेवग्याच्या छाटलेल्या फांद्यांचे, सालीसकट. इंजिन पावणेचार किलोचं आहे. निम्म्या चढावर एक चाक किंचित घसरलं, सहा गिअर एकदम कुरकुरले, मग पकड बसली आणि ती वरपर्यंत गेली. ही शेजारी उभी राहून उजव्या बाजूनं बघत होती.

घंटा आणि पुढचा दिवा अजून व्हायचा आहे. घंटेसाठी पितळेचा एक तुकडा बाजूला ठेवलाय, तो पातळ दात झालेल्या गिअरचा आहे.