खांबावरच्या पाच तारा

कोल्हापुरात फुलेवाडीत आमच्या दारासमोरच्या विजेच्या खांबावर आज इंटरनेटच्या मोजून पाच फायबरच्या तारा आहेत. एक केबलवाल्या दादांची, दोन खासगी कंपन्यांच्या, एक सरकारी, आणि पाचवी कुणाची ते त्या खांबालाच माहीत.

मी घरातून लग्नपत्रिका आणि मंडळांच्या पावतीपुस्तकांची डिझाइन करते. सुरुवातीला बीएसएनएलचा प्लॅन होता, त्यात रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. फॉन्ट उतरवायला दोनचा गजर लावून उठायचे. मग केबलच्या दादांनी इंटरनेट सुरू केलं. महिन्याला 800 रुपये, 20 एमबीपीएस, आणि वीस तारीख उलटली की तेही गळायचं.

2019 च्या सप्टेंबरात जिओफायबरचे दर आले, 699 ला 100 एमबीपीएस. आमच्या गल्लीत ती तार पोचायला आणखी वर्ष लागलं, पण दादांची भाषा त्याच आठवड्यात मऊ झाली. "वहिनी, 50 करून देतो, पैसे तेवढंच द्या." पुढच्या वर्षी 399 ला 30 एमबीपीएसचा प्लॅन निघाला आणि दादा 500 वर उतरले. तार तीच, डबाही तोच. मग इतके दिवस हा स्पीड ठेवला होता कुठं, असं विचारलं तर नुसते हसले.

हे 399 सुद्धा 399 नसतात. 18 टक्के जीएसटी धरून 471 होतात. आणि 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, 100 एमबी नव्हे; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठानं भागायचं, साडेबारा एमबी. त्यातही राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, मधे स्वयंपाकघराची जुनी दगडी भिंत, त्यामुळं माझ्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर 25-30 एमबीपीएसच उरायचे. शेवटी वीस मीटर लॅन केबल आणून भिंतीच्या कडेनं ओढली. सासूबाईंना ती अजून उंदराची शेपटी वाटते.

माझं खरं काम अपलोडचं. छापखान्याला चारशे एमबीची फाइल पाठवायची तर अपलोड 10 असला की साडेपाच मिनिटं जातात आणि 100 असला की अर्धा मिनिट. जाहिरातीत हा आकडा ठळक नसतो, विचारावा लागतो. एका मोठ्या कंपनीनं दोन्हीकडं 100 देतो म्हटल्यावर मी दादांना सोडलं. स्पीड खरंच मिळाला, खोटं कशाला बोलू.

मग उसाचा हंगाम आला. कुडित्र्याच्या कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की खांबावरची झोळ पडलेली तार अडकणारच. एका संध्याकाळी अडकली. डब्यावर एलओएसची, म्हणजे सिग्नल तुटल्याची, लाल लाइट. टोल फ्रीवर बाई गोड बोलली, तक्रार क्रमांक दिला, 24 तासांत माणूस येईल म्हणाली. चौथ्या दिवशी आला. तोवर मी मोबाईलच्या नेटवर, गच्चीत उभी राहून, वऱ्हाडाची नावं दुरुस्त करत होते.

त्याच ट्रॉलीनं दादांचीही तार तोडली होती. शेजारच्या घरात दोन तासांत नेट परत सुरू.

महिना संपला तशी मी दादांना फोन केला. "आता आठवण झाली व्हय वहिनी?" एवढंच म्हणाले, आणि 100 चं पावतीसकट 590 ला ठरलं. अपलोडही 100, ते आधी वदवून घेतलं.

जानेवारीत परत तुटली. रात्री नऊला पोरगा आला. "लाल लाइट लागल्या काय?" मोपेडच्या सीटवर जोडणीचं मशीन मांडलं. तारेचं काळं साल काढलं, आत केसाएवढी काच. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, कटरनं टोक सरळ कापलं, दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवून झाकण लावलं. इवल्याशा स्क्रीनवर दोन रेघा समोरासमोर आल्या, आत ठिणगी चमकली आणि एक रेघ झाली. मी मोबाईलची टॉर्च धरून. तारेतून उजेड किती पोचतो ते मोजायच्या मीटरवर उणे 21 आलं. "उणे 27 च्या खाली गेलं की बोंब," पोरगा म्हणाला.

जाताना त्यानं खांबावर चढून चार-पाच मीटर जादा तारेचं वेटोळं बांधून ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? "मार्चपर्यंत ट्रॉल्या चालू हैत की, वहिनी."