औदुंबराचे व्रत

रविवार, रात्र

‘ब्रह्मचारी’ आज प्रथमच आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने १९३८ साली काढलेल्या या बोलपटाविषयी आजवर जे काही कानावर आले होते, ते सारे मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाविषयी आणि ‘यमुनाजळी खेळू खेळ’ या गाण्याविषयीच होते; त्यामुळे, खरे सांगायचे तर, मीही त्या गाण्याचीच वाट पाहत बसलो होतो.

गाणे आले, आवडलेही. परंतु मन अडकले ते नायक औदुंबरापाशी. देशभक्त जटाशंकरांचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून हा तरुण सिनेनट्यांची हौसेने जमवलेली चित्रे फेकून देतो, व्यायामाला लागतो आणि आचार्य चंडीरामांच्या संस्थेत दाखल होतो. चित्रे जमवण्यात जो उत्साह, तोच ती टाकून देण्यात. दैवत बदलले, भक्त मात्र तोच राहिला. बोलपटाचे लेखक आचार्य अत्र्यांनी विनोदाची मेख येथेच मारून ठेवली आहे, आणि म्हणूनच नायिका किशोरी (मीनाक्षी शिरोडकर) समोर आल्यावर त्याची जी त्रेधा उडते, ती नुसती धडपड राहत नाही. दिग्दर्शक मास्टर विनायकांनी ही भूमिका दुसऱ्या कोणावर न सोपवता स्वतः केली, याचे मला विशेष कौतुक वाटले.

गाण्यातही एक खोडी आहे. आपल्या गौळणींत वाट अडवतो तो कृष्ण, आणि लाजतात, तक्रारी करतात त्या गोपी. येथे खेळायला बोलावते ती तरुणी, आणि अंग चोरतो तो कन्हैया. पोशाखाने त्या काळी खळबळ उडाली, हे खरेच; पण ही अदलाबदलही काहींना तितकीच झोंबली असावी, असा माझा तर्क आहे.

सोळाव्या वर्षी असेच एक पुस्तक वाचून मी भिंतीवर दिनक्रम चिकटवला होता : पहाटे पाचला थंड पाण्याने स्नान, शंभर सूर्यनमस्कार, मिताहार आणि सिनेमा वर्ज्य. तो नऊ दिवस टिकला. मोडायला कोणी किशोरी यावी लागली नाही. डिसेंबरची थंडी पुरेशी झाली. रात्री जेवताना ही हकिकत सांगितली, तेव्हा हिला हसू आवरेना, आणि आईने शांतपणे सांगितले की, मी शाळेत गेल्यावर ती तो कागद येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत असे.