इलेक्ट्रिक चेनसॉ: मोटरआधी चेन बघा

मोटर तापते, जळका वास येतो, कापताना कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो. अशी लक्षणं दिसली की लोक आधी मोटर उघडतात. मी ती सर्वांत शेवटी उघडतो. माझ्या अनुभवात बिघाड बहुतेकदा बोथट चेन, कोरडा बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) किंवा बारीक वायर यांतच निघतो.

आधी प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. काढलेला प्लग नजरेसमोर राहील असा ठेवतो, मग हातमोजे घालतो. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी बाहेर.

बाजूचं कव्हर उघडलं की तेल-भुशाचा चिकट लगदा हाती लागतो. तो ब्रशने काढायचा. हवा मारायची तर बाहेरच्या दिशेने, नाहीतर भुसा मोटरच्या जाळ्यांत जाऊन बसतो. बारच्या खाचेतली घाण पातळ पत्र्याने खरवडतो आणि तेलाचं भोक तारेने मोकळं करतो. खाचेच्या कडेला धार आली असेल तर चपट्या कानशीने घासून काढतो. परत बसवताना बार उलटा करायचा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर अर्धा मिलिमीटर खोल चर पडला असेल तर नवी चेन घालूनही उपयोग नाही, ती लवकर खराब होते.

खरा वेळ धार लावण्यात जातो. बऱ्याच छोट्या इलेक्ट्रिक सॉवर ३/८ इंच लो-प्रोफाइल चेन असते, तिला ४ मिमी गोल कानस लागते. तरी बारवरचे आकडे वाचूनच कानस घ्या. दाताला ३० अंशांचा कोन, कानस आतून बाहेर, फक्त पुढे जाताना दाब. मागे आणताना उचलायची. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहायला हवा. सगळ्यांत आखूड दात आधी शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणतो. एका बाजूचे दात लांब राहिले तर काप वाकडा जातो आणि दोष मात्र माणसाच्या हाताला दिला जातो. तीन-चार वेळा धार लावून झाली की प्रत्येक दातापुढचा छोटा उंचवटा (दात लाकडात किती खोल जाईल ते तो ठरवतो) मापपट्टी लावून तपासायचा. बहुतेक चेनना तो दातापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. तो जास्त घासला तर चेन लाकडात खोल शिरते आणि मशीन झटका देतं. फणसाचा चीक चेनवर वाळला असेल तर चेन काढून रॉकेलमध्ये भिजवायची. खोडावर वाळवीची माती असेल तर ती कापण्यापूर्वीच खरवडा, नाहीतर नवी धार काही मिनिटांत जाते.

चेन बसवताना वरच्या बाजूच्या दातांची धार बारच्या टोकाकडे हवी. बारच्या खालच्या बाजूला चेन लोंबता कामा नये, आणि हाताने ओढली की मोकळी सरकली पाहिजे. ताण थंड चेनवरच बघायचा.

तेलाची टाकी भरली म्हणजे तेल चेनपर्यंत पोचतंच असं नाही. बारचं टोक स्वच्छ पुठ्ठ्यापासून सुमारे २० सेंटिमीटर लांब धरून मशीन चालवा. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. इंजिनचं जळकं तेल मी कधीच वापरत नाही: त्यात धातूचा कीस असतो आणि ते त्वचेला घातक आहे. खोबरेल थंडीत गोठतं, पंप अडतो.

वायरकडे फार कमी लोक बघतात. २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतं. ३० मीटर एक्स्टेंशनसाठी मी २.५ चौरस मिमीची वायर वापरतो, आणि रीळ पूर्ण उलगडतो. गुंडाळलेली वायर तापते. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, तिचा पंखाही मंदावतो. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

शेवटी ब्रेक. मशीन सपाट जमिनीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरून चेन चालू करायची आणि मनगटाने पुढचा गार्ड ढकलायचा. चेन क्षणात थांबली नाही तर त्या मशीनने काम करायचं नाही. एवढ्यावरही मोटर तापत राहिली तर मग मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश बघायचे.

काम संपल्यावर चेनचा ताण सैल करून ठेवतो. काम करताना गरम चेन लांबलेली असते. तशीच आवळून ठेवली तर थंड होताना आकसते आणि शाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो.