बांधाखालचं गाव

नेदरलँड्समधल्या लेकीच्या घरामागे दहा मिनिटं चाललं की एक गवताळ चढ लागतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे टक्क जाग आली. उजाडेपर्यंत कशीबशी कळ काढली आणि एकटीच बाहेर पडले. चढाच्या पायथ्याशी वाकून बुटाची नाडी बांधत होते, तेवढ्यात वरून होडी गेली. वरून म्हणजे खरोखर डोक्याच्या वरून. मी खाली, होडी वर, मध्ये नुसतं हिरवं गवत. होडीतल्या माणसाने कॉफीचा मग उंचावला. मीही हात हलवला, पण पोटात गोळा आला होता.

मी पेणच्या खारेपाटातली. पाणी वर आणि शेत खाली हे मला नवीन नाही. भरतीला आमची खाडी शेतापेक्षा उंच असते आणि दोघांच्या मध्ये उभा असतो मातीचा बाहेरकाठा. त्यात चिंबोऱ्या बिळं करतात, बिळातून पाणी झिरपतं आणि एखाद्या उधाणाला खांड पडते. खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. माझे आजोबा अमावास्या-पुनवेला कंदील घेऊन बांधावरून फिरायचे. तेव्हा त्या सकाळी मी चढ चढले ती पाणी बघायला नव्हे, बिळं बघायला. एकही दिसलं नाही. घरी येऊन सांगितलं तर जावई म्हणाला, "आई, त्यासाठी इथे पगारी माणसं आहेत." आणि खरंच आहेत! इथले बांध मस्करॅट नावाचा पाणउंदीर पोखरतो आणि तो पकडणं ही रीतसर नोकरी आहे. आजोबांनी हे ऐकलं असतं तर निदान रॉकेलचे पैसे तरी मागितले असते.

लेकीचं गाव हूफडॉर्प, स्किपोल विमानतळाच्या शेजारचं. दोनशे वर्षांपूर्वी इथे गाव नव्हतं, हार्लेमरमेर नावाचं तळं होतं, अठरा हजार हेक्टरांचं. वाऱ्याच्या जोरावर ते काठ खात सुटलेलं, म्हणून लोक त्याला पाणलांडगा म्हणत. १८३६च्या वादळांत पाणी एकदा ॲमस्टरडॅमच्या आणि एकदा लायडनच्या वेशीपर्यंत आलं, तेव्हा ठरलं की तळंच काढून टाकायचं. भोवती साठेक किलोमीटरचा कालवा आणि बांध घातला, आणि १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी सगळं तळं उपसून त्या कालव्यात ओतलं. होडी चालली होती ती त्याच कालव्यातून. माझं विमानही त्या तळ्याच्या तळालाच उतरलं होतं, समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली. वैमानिक हे सांगत नाही ते बरंच करतो.

उपसून काम संपत नाही, हे मात्र मला कुणी सांगायला नको होतं. पाऊस पडला की पाणी पुन्हा साचणार आणि पुन्हा वर चढवावं लागणार, रोज. त्यासाठी पाणीमंडळं आहेत. ती नगरपालिकेपासून वेगळी, त्यांची निवडणूक वेगळी आणि करही वेगळा. लेकीच्या भागातलं मंडळ तर तेराव्या शतकापासून चालू आहे. कराचा कागद बघून लेक कुरकुरत होती. तिला म्हटलं, बाई, आपल्याकडे घरटी एक माणूस पाटी-फावडं घेऊन बांधावर जायचा, तुझं पैशावर भागतंय.

असा हा सगळा खटाटोप, आणि बाहेर पाहावं तर जमीन इतकी निवांत! पोळपाटासारखी सपाट. रेषेत आखलेले पाण्याचे चर, त्यांत आभाळ. आभाळच फार आहे इथे. आपल्याकडे डोंगर मध्ये येतात. इथे तीन मैलांवरून येणारी सर आधी दिसते, मग सायकलवाले टोप्या ओढतात, मग ती पडते. ‘एप्रिल त्याला हवं ते करतो’ अशी यांची म्हण आहे. एका दुपारी ऊन, गारा आणि इंद्रधनुष्य एकाच कपड्यांच्या वाळवणीवर बघितलं. हिवाळाभर गोठ्यात कोंडलेल्या गाई याच दिवसांत कुरणात सोडतात. चांगल्या बाळंत झालेल्या, जड थानांच्या गाई चौखूर उधळत नाचतात आणि लोक पोराबाळांना घेऊन ते बघायला येतात. नातवापेक्षा मीच जास्त टाळ्या पिटल्या.

त्याच कुरणात टिटवी भेटली. आपल्या टिटवीची चुलत बहीण, डोक्यावर तुरा मिरवणारी. ती जमिनीवरच अंडी घालते, म्हणून हौशी मंडळी घरट्याशेजारी काठ्या रोवून ठेवतात आणि शेतकरी तेवढा तुकडा सोडून गवत कापतात. मला एकदम ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ आठवलं. आपल्या गोष्टीतल्या टिटवीला शेवटी गरुड बोलवावा लागला. इथल्या टिटवीला वाफेचं इंजिन मिळालं, एवढाच फरक.

ट्यूलिप? पाहिले. रंगांचे पट्टे फोटोत दिसतात तसेच दिसतात, त्यावर मी काय वेगळं लिहिणार. पण चारच दिवसांनी लिस गावाच्या बाजूने परत गेलो तर यंत्राने फुलांची मुंडकी उडवून टाकलेली! पीक फुलांचं नाही, कंदांचं. फूल राहिलं तर कंद पोसत नाही. शेतकऱ्याचा हिशेब चोख आहे. पण कडेला पडलेला तो लाल-पिवळा ढीग बघून दसऱ्याच्या संध्याकाळचं दादर फूलबाजार आठवलं आणि हात आपोआप ओंजळ करू लागले. चारसहा मुंडकी उचललीच. लेक इकडेतिकडे बघत होती.

माणसं चांगली, पण मोजून-मापून. शेजारच्या आजींच्या वाढदिवसाला गेलो तर आजींचं अभिनंदन करायचंच, शिवाय त्यांच्या मुलीचं, जावयाचं, शेजाऱ्यांचंही. माझंसुद्धा कुणीतरी केलं. मग गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसायचं आणि केकचा एक तुकडा. एकच. दुसऱ्याचा आग्रह कुणी करत नाही. पण याच आजी पडदे उघडे टाकून दिव्याखाली वाचत बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांचं घर खुशाल बघावं.

त्यांना मी खुणांनी आणि लेकीच्या मदतीने आमच्या उधाणाचं सांगितलं. त्या एकदम गप्प झाल्या. १९५३च्या फेब्रुवारीत उधाण आणि वादळ एकाच रात्री आलं, नैर्ऋत्येकडचे बांध फुटले आणि १८३६ माणसं गेली. आजी तेव्हा शाळेत होत्या. मग त्या उठल्या आणि मला केकचा दुसरा तुकडा वाढला.

परवा भावाचा फोन आला. इकडे रात्रीचे नऊ, तरी बाहेर उजेड, मी बांधावर बसलेली. त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. उधाण होतं, म्हणून जागा होता. बाहेरकाठ्याला पुन्हा एका जागी पाणी झिरपतंय म्हणाला. त्याला इथल्या पाणउंदरांची आणि ते पकडणाऱ्या पगारी माणसांची गंमत सांगितली. तो हसला नाही. थोडा वेळ थांबून म्हणाला, "विचारून बघ ना तायडे, ते चिंबोऱ्यांचं पण बघतात का."